मेहंदीचा रंग आणि काळ्या कोनाचा धोका

रमजान ईदनंतर शाळा उघडली, की वर्गात सगळीकडे रंगलेले हात दिसतात. यंदा सातवीतली एक मुलगी मात्र हात ओढणीखाली लपवून बसली होती. पाहिलं तर मेहंदीच्या नक्षीवर तशाच नक्षीचे फोड! "टीचर, अर्ध्या तासात काळी रंगते म्हणाले, म्हणून चाँदरातीला कोन आणला," ती रडवेली होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला मी मेहंदीची डहाळीच घेऊन गेले.

झाड दोन तऱ्हेचे पदार्थ बनवतं. साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ हे जगण्या-वाढण्यासाठी लागतात, म्हणून ते प्रत्येक झाडात असतात. हे प्राथमिक चयापचयी पदार्थ. दुसरे पदार्थ ज्या-त्या झाडाचे खास असतात. मिरचीचा तिखटपणा, हळदीचा पिवळा रंग, चहातलं कॅफिन हे सगळे द्वितीयक चयापचयी पदार्थ. झाडाला पळून जाता येत नाही. किडीपासून, बुरशीपासून, चरणाऱ्या जनावरांपासून बचावासाठी अल्लाहतआलाने त्याला ही हत्यारं दिली आहेत.

मेहंदीच्या पानातला असा पदार्थ म्हणजे लॉसोन. सुक्या पानात तो साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि तोही बराचसा साखरेला बांधलेला. पान वाटून, लिंबू पिळून काही तास भिजवलं, की तो मोकळा होतो आणि कातडीतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो. आपल्या अम्मी-नानी मेहंदी भिजवून ठेवत, ती याचसाठी. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग जास्त चढतो. मेहंदी काढल्यावर रंग आधी नारिंगी दिसतो. हवा लागून एक-दोन दिवसांत तो गडद तपकिरी होतो.

म्हणजेच खरी मेहंदी अर्ध्या तासात काळी होऊच शकत नाही. तसा रंग देणाऱ्या कोनात बहुधा पीपीडी नावाचं केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात. शिवाय एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली, की ती सहसा जन्मभर सुटत नाही. पुढे केसांना कलप लावला तरी चेहरा सुजू शकतो.

तेव्हा बहिणींनो, पानं किंवा साधी पूड आणून मेहंदी घरीच भिजवा. उरलेली फ्रिजमध्ये ठेवा, कारण ती लवकर खराब होते. काळा कोन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तान्ह्या बाळाला तर अस्सल मेहंदीही लावू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मतःच कमतरता असते, आणि लॉसोनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

त्या मुलीचा हात डॉक्टरांच्या मलमाने बरा होतो आहे. बकरी ईदला वर्गातल्या मुलींनी घरीच मेहंदी वाटायचं ठरवलंय. रंग दुसऱ्या दिवशी चढेल, इतकंच!