घरातली गोष्ट, देशातली गोष्ट

‘सार्क’ म्हटलं की बायकांच्या बैठकीत कुणी कान टवकारत नाही. ते मंत्र्यांचं काम, आपला काय संबंध? मला वाटतं संबंध आहे, आणि तो बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात दिसतो.

दरवर्षी गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या इथे उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, फेडायला राबते बाईही. पाळी असो, पोटुशी असो, खाडा झाला की पैसे कापले जातात. उचल फिटेपर्यंत सुटका नाही.

१९८५ साली ढाक्यात सार्क स्थापन झाली. २००२ साली काठमांडूत तिच्या सदस्य देशांनी स्त्रिया व मुलांच्या व्यापाराविरुद्ध करार केला. तो हवाच होता. पण त्यात व्यापार म्हणजे फक्त वेश्याव्यवसायासाठीचा. उचलीपोटी शेतात जुंपलेली बाई त्यात बसत नाही. जी बसते, तिने तरी दाद कुठे मागायची? सार्कचं मानवी हक्क न्यायालय नाही, आयोग नाही. सनदच म्हणते: निर्णय एकमताने आणि वादग्रस्त द्विपक्षीय प्रश्न चर्चेबाहेर. २०१४ नंतर तर शिखर परिषदही भरलेली नाही.

याउलट ब्राझील पाहा. तिथे ‘गातो’ नावाचे मुकादम गरीब भागातून मजूर आणत, आगाऊ रक्कम देत आणि कर्जात अडकवत. ‘ब्राझील व्हेर्दे’ या गुरांच्या मळ्यातल्या अशा मजुरांची तक्रार १९९८ मध्ये अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाकडे गेली. २०१६ मध्ये त्या राष्ट्रांच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्राझील सरकारलाच जबाबदार धरलं, मजुरांना भरपाई द्यायला लावली आणि गुलामगिरीच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही, असं बजावलं. अठरा वर्षं लागली, हे खरं. पण ठोठवायला दार होतं.

आपली सरकारं म्हणतात, हा आमचा अंतर्गत प्रश्न. मैत्रिणींनो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. बायकोला मारणारा नवराही हेच म्हणायचा, ‘घरातली गोष्ट आहे.’ १९८३ साली ४९८-अ आलं, तेव्हा कायद्याने ते ऐकणं नाकारलं. घराला जे लागू, ते देशाला का नाही?

कुणी म्हणेल, आपल्याकडे १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे, १९९३ पासून मानवी हक्क आयोग आहे. आहेतच. पण घरचं दार उघडलं नाही, तर शेजारी दुसरं हवं.

म्हणून माझ्या मते दोन मागण्या हव्यात. सार्कच्या करारात कर्जापोटीची मजुरी यावी आणि बाईला थेट तक्रार करता येईल अशी यंत्रणा व्हावी. तोवर इथे फडात एक काम आपल्या हातात आहे. ब्राझीलच्या खटल्यात कामगार निरीक्षकांच्या नोंदी मोलाच्या ठरल्या. आपल्या ‘कोयत्या’तल्या बाईचं नाव, तिची उचल, तिची मजुरी वेगळी लिहिली जाते का, हे या हंगामापासून विचारायला लागू या. कागदावर नसलेल्या बाईचं गाऱ्हाणं कुठलंच न्यायालय ऐकू शकत नाही.