तितराची बोली जाणणाऱ्यांचे काय करायचे?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना तितराचा आवाज काही नवा नाही. झुडपातून एकदम 'कतीतर, कतीतर' असा खणखणीत आवाज सुरू होतो आणि समोरच्या उतारावरून दुसरा नर त्याला उत्तर देतो. हल्ली यात तिसरा आवाज मिसळू लागला आहे. तो मोबाईलचा! हौशी छायाचित्रकार खिशातून फोन काढतो, तितराचा ध्वनिमुद्रित आवाज लावतो. आपल्या हद्दीत कोण घुसले म्हणून बिचारा नर मान ताठ करून उघड्यावर येतो. फोटो मिळतो, माणूस खुशीत घरी जातो.

हेच काम फोनशिवाय, नुसत्या तोंडाने करणारी माणसे याच जिल्ह्यात राहतात. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर भागातील फासेपारध्यांच्या वस्त्यांवर जुन्या पिढीतील माणसांकडे हे कसब आहे. पण फोनवाल्याला टेकडीवर सहसा कुणी हटकत नाही, आणि पारध्याच्या तोंडून तितर बोलला की पाहणाऱ्याच्या मनात आधी संशय येतो. ही विसंगती साधी नाही. माळरान राखायचे म्हणून आज शासन पैसा खर्च करीत आहे आणि माळरानाची बोली ज्यांना येते ती माणसे मात्र हिशेबाबाहेर आहेत.

आधी कान, मग तोंड

तितराचा नर आपली हद्द सोडत नाही. दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की तो भांडायला धावून येतो. पारध्यांची सारी युक्ती या एका स्वभावावर उभी आहे. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, भोवती फासे मांडायचे आणि आडोशाला बसायचे. पिंजऱ्यातला पक्षी बोलला तर ठीक, नाही बोलला तर माणसाने बोलायचे. ओठ आवळून, जीभ टाळूला लावून, कधी तळहाताची ओंजळ तोंडाशी धरून हा आवाज काढतात.

सांगायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पोराला बापामागे कित्येक पहाटे नुसते गप्प बसावे लागते. आधी कान तयार होतो, मग तोंड. नर कधी बोलतो, जोडी मिळून कशी बोलते, पिले जवळ असताना आवाज कसा बदलतो, हे कळल्याशिवाय नक्कल साधत नाही. सूर चुकला किंवा घाई झाली की समोरचा पक्षी गप्प होतो आणि ती पहाट वाया जाते. पावसाळ्यात बोलणारी लाव्हा निराळी, हिवाळ्यात बाहेरून येणारी बटेर निराळी. प्रत्येकीची बोली वेगळी, वेळ वेगळी. हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळत नाही.

मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने हे ओळखले होते. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या आणि 2025 मध्ये सोलापुरातच निधन पावलेल्या या लेखकाने पक्ष्यांची नावे, सवयी, संकेत पारध्यांसह रानातल्या माणसांकडून शिकून घेतले. त्यांचा 'पक्षिकोश' अभ्यासकांच्या हाती आहे. पण ज्यांच्याकडून शिकायचे ती माणसे आजही पालावरच आहेत.

कायदा आला, पोटाचे काय?

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा शिक्का कागदावरून पुसला गेला. पण गावाच्या मनातून तो गेलेला नाही. कुठे चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या वस्तीकडे वळते. त्यानंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. फासे लावणे, जाळे टाकणे, तसा प्रयत्न करणे, हे सगळे या कायद्याने शिकारीतच धरले. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यासाठी दंडाची मर्यादा 25 हजारांवरून 1 लाख रुपयांवर नेली. कैद वेगळीच.

शिकारबंदी योग्यच होती आणि आहे, याबद्दल वाद नको. माळावरचे पक्षी आणि प्राणी ज्या वेगाने कमी झाले ते पाहता दुसरा मार्ग नव्हता. प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या समाजाचे पोट पिढ्यान्‌पिढ्या याच कसबावर होते, त्याला दुसरे काय दिले? पारधी अनुसूचित जमातीत आहेत, सवलती कागदावर आहेत. पण रहिवासाचा पुरावा नाही म्हणून जातीचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून सवलत नाही. मग काही जण पुण्याच्या सिग्नलवर फुगे विकतात, काही मजुरीला जातात, आणि काही आजही चोरून फासे लावतात.

त्या फाशात सापडलेली लाव्हा खाते कोण? पारधी ती विकतो, खाणारा गाडीतून येतो. जपानी बटेर पाळून विकता येते, त्याच्या आडून रानातली लाव्हाही ताटात येऊ शकते. गिऱ्हाईक सुटते आणि पकडला जातो तो पालावरचा माणूस. हेही लक्षात घेतले पाहिजे.

याचा परिणाम असा की आता बापच पोराला आवाज शिकवायला तयार नाही. 'आजोबा, जरा तितर बोलवून दाखवा,' म्हटले तर म्हातारी माणसे हसून विषय टाळतात. आवाज येतो हे कबूल करणे म्हणजे शिकार येते हे कबूल करणे, अशी भीती. त्यांचे काही चुकत नाही.

अमेरिकेत काय केले?

अमेरिकेत रानटी टर्कीच्या शिकारीला तोंडात धरायचे एक साधन वापरतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटी चौकट, तिच्यावर ताणलेला पातळ रबरी पडदा. ते जिभेने टाळूला दाबून फुंकर घातली की मादीचा आवाज निघतो आणि नर ओढीने जवळ येतो. आपला तितर भांडायला येतो, तिकडचा टर्की मादीला भेटायला येतो, एवढाच फरक. हे शिकायलाही महिनोन्‌महिने लागतात. नवशिक्याला सुरुवातीला नुसती ओकारी येते, आवाज येत नाही.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथला टर्की संपण्याच्या वाटेवर होता. मग शिकारीला ठराविक हंगाम आला, परवाना आला. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. पक्षी पकडून जिथे संपले होते तिथे नेऊन सोडले. आज तिथे टर्कीची संख्या 60 लाखांच्या घरात सांगतात. आवाज काढण्याच्या तर जाहीर स्पर्धा भरतात.

आपण हे जसेच्या तसे उचलावे असे मुळीच नाही. आपल्याकडे माळ थोडे, पक्षी थोडे, माणसे फार. शिकारीचा परवाना इथे नकोच. घेण्यासारखी गोष्ट एकच : कसबाला चोरवाटेवर न ढकलता नियमात बसवले आणि त्याची उघड नोंद ठेवली, तर त्याचा उपयोग पक्ष्यालाही होतो.

माळरानाला आज गरज आहे

वर्षानुवर्षे आपल्याकडे माळ म्हणजे पडीक जमीन समजली गेली. कुठे झाडे लावून, कुठे नांगरून, कुठे कारखान्याला देऊन ती संपवली. आता जाग येत आहे. सुप्याजवळचे मयुरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी 1997 मध्येच झाले. 2024 मध्ये पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा पाहायला पुण्याची मंडळी तिकडे जाऊ लागली आहेत.

अशा सफारीत तितर-लाव्ह्यांची बोली सांगणारा पारधी वाटाड्या का नसावा? मध्य प्रदेशात पन्ना येथे हे घडले आहे. तिथल्या व्याघ्र प्रकल्पातील सगळे वाघ 2009 पर्यंत संपले होते. त्याच पन्नात आज पारधी तरुण पर्यटकांना पायी रान दाखवतात, तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात आणि त्याचे पैसे घेतात. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन माळरान आणि तणमोर राखण्याचे काम केले आहे. म्हणजे हे होत नाही असे नाही.

दुसरे काम गणनेचे. तितर दिसायला कठीण, ऐकायला सोपा. पहाटे एका जागी बसून किती नर बोलले हे मोजणे, हीच त्याच्या गणनेची चांगली रीत. अशा वेळी मुरलेला कान लागतो. दोन आवाज एकाच पक्ष्याचे की दोघांचे, हे पारध्याला बसल्या जागी कळते.

शेतकऱ्याचा यात काय संबंध, असे कुणी विचारील. तितर वाळवी खातो, किडे खातो, बांधावरच्या काटेरी झाडावर रात्र काढतो. बांध जाळले आणि बाभळी तोडल्या की तोही जातो.

करण्यासारखे

वनविभागाने पारधी जाणकारांना गणनेच्या कामावर रोजाने घ्यावे आणि त्याआधी त्यांचे दाखले, रेशनकार्ड, बँकखाते यांसाठी महसूल खात्याशी बोलून वस्तीवरच शिबिर घ्यावे. कागदाशिवाय रोजगार हातात पडत नाही, हा अनुभव आहे. म्हाताऱ्या जाणत्यांचे आवाज त्यांच्या संमतीने, मोबदला देऊन ध्वनिमुद्रित करावेत. यातले कुठलेही काम करणाऱ्यावर त्या कसबापायी गुन्ह्याचा संशय घेतला जाणार नाही, हे पोलीस ठाण्यापर्यंत लेखी पोहोचले पाहिजे.

आणि नियम सगळ्यांना सारखा हवा. विणीच्या काळात वारंवार आवाज देऊन नराला अंड्यांपासून, जोडीदारापासून दूर ओढणे हा त्रासच आहे, मग तो आवाज तोंडातून येवो की फोनमधून. सफारीत किती वेळा आणि कोणत्या महिन्यांत आवाज द्यायचा हे ठरवून द्यावे, आणि टेकडीवरच्या फोनवाल्यालाही तेच सांगावे.

हे कसब जाणणारी माणसे आता वयाने थकली आहेत. त्यांच्या नातवंडांना ते शिकायचे आहे की नाही, हे त्यांनी ठरवावे. पण शिकण्यात धोका नाही आणि चार पैसे आहेत, एवढे तरी त्यांना दिसले पाहिजे. ते दाखवणे शासनाच्या हातात आहे.