आत येऊन तुम्ही काय करणार?

गेल्या महिन्यात चौसाळ्याला मामीकडे जाऊन आले. मामेबहीण बाळंतीण झालीय, बाळ-बाळंतीण दोघंही छान आहेत. तरी मला बघून मामी रडली. "सात तास कळा देत होती गं पोरगी, आत एकटीच. मला दारातच अडवलं. कंबर तेवढी चोळून दिली असती, दुसरं काय मागत होते मी?"

दवाखाना सरकारी. नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच ठिकाणी होतं असं थोडंच आहे! तिथल्या सिस्टर मामीला म्हणाल्या, "आत येऊन तुम्ही काय करणार?" मला भांडायचंय ते ह्या एका वाक्याशी.

मामीचा हात काय करतो? कोपर आपटलं की आपण ते लगेच चोळतो, आणि खरंच बरं वाटतं. का, ह्याचं उत्तर मेलझॅक आणि वॉल ह्या दोघांनी १९६५ साली मांडलं: मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे संदेश आले की ते वेदनेसाठी थोडं लोटलं जातं. पुढे हेही कळलं की लव असलेल्या त्वचेत काही बारीक तंतू असतात, ते हळू कुरवाळण्यालाच सगळ्यात जास्त दाद देतात, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने. २००२ मध्ये ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी स्पर्शाचे जाड तंतू नष्ट झालेल्या एका बाईला तपासलं. मऊ ब्रशचा स्पर्श तिला अंधुक, पण सुखद जाणवत होता, आणि मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग जागा होत होता.

आणि हात कोणाचा, ह्यानेही फरक पडतो. २००६ मध्ये जेम्स कोन ह्यांनी १६ विवाहित स्त्रियांना विजेच्या झटक्याची भीती घालून त्यांचा मेंदू स्कॅन केला. अनोळखी हात धरल्यावर मेंदूतली धास्ती थोडी उतरली, नवऱ्याचा धरल्यावर जास्त. ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांची त्याहून जास्त!

आता तुम्ही म्हणाल, ही पण हातातून ऊर्जा सोडणाऱ्यांतलीच दिसतेय. अजिबात नाही. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने अशा २१ जणांना पडद्याआड हात ठेवून विचारलं, माझा हात तुमच्या कोणत्या हाताजवळ आहे? २८० पैकी १२३ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी बरं! १९९८ मध्ये हे छापून आलं. मी बोलतेय ते अंगाला खरोखर लागणाऱ्या, ओळखीच्या हाताबद्दल. आणि बाई "नको" म्हणाली तर लगेच बाजूला होणाऱ्या.

बरं, गर्दी होते, जंतुसंसर्ग होतो, बाकीच्या बायकांना संकोच वाटतो. मान्य. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिलीय. अटीही घातल्यात: ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने कामात ढवळाढवळ करू नये. मामी सगळ्यांत बसते.

२०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांचा हिशोब आहे. सतत सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, कळांचा वेळही थोडा कमी होतो. ह्यात नुसता स्पर्श नाही, धीर देणंही आलं, हे कबूल. पण कळा कमी करणारं इंजेक्शन आपल्याकडच्या सरकारी प्रसूतिगृहात क्वचितच मिळतं. मग जे फुकट मिळतंय ते दाराबाहेर का उभं करायचं? सिस्टरवर कामाचा बोजा आहे हे मलाही दिसतं. प्रत्येकीची कंबर चोळायला त्यांना वेळ कुठून असणार? म्हणून तर मामी आत हवी.

असो. आपल्या घरातलं पुढचं बाळंतपण दिवाळीनंतर आहे. दवाखान्यात नाव घालायला जाल तेव्हाच विचारा, सोबत कोणाला राहू देणार? नाही म्हणाले तर २०१६ ची सूचना छापून सोबत न्या. मामी यायला तयार आहे.