वाचक हरवला की लेखक?

उत्तनच्या पुढे चौकाच्या टेकडीवर उभे राहिले की, खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. अलीकडे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारे हे ठाणे मराठ्यांनी १७३९ साली घेतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. त्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेले पत्र आजही खाली ठेववत नाही. सुरुंग कसे उडाले, आपली माणसे किती पडली, शत्रू किती निकराने लढला, हे सारे त्यात आहे. अलंकार शोधूनही सापडणार नाहीत. पत्र कोणाला लिहावयाचे आणि त्याला काय कळावयास हवे, एवढे मात्र लिहिणाऱ्यास नेमके ठाऊक होते.

हे आठवण्याचे कारण असे की, मराठीला वाचक उरला नाही, अशी ओरड सध्या नित्य कानी येते. वास्तविक आज हाती दूरध्वनी असलेला प्रत्येक जण दिवसभर काही ना काही वाचतच असतो. मग तो आपल्याच लेखाकडे पाठ का फिरवतो, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला पाहिजे.

दोष बहुधा पहिल्या परिच्छेदातच असतो. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ अशी सुरुवात करावयास आम्ही शिक्षकांनीच मुलांना शिकविले. तो मुलगा पुढे कचेरीत गेला आणि ‘सदर बाबतीत कार्यवाही करण्यात येत आहे’ असे लिहू लागला. दोन्ही वाक्यांत बोलणारा नाही आणि ऐकणाराही नाही. दुसऱ्या टोकाला भडक मथळे आहेत. त्यांनी वाचक एकदा येतो, हे खरे. पण आत काही नाही असे दिसले की त्याला फसवल्यासारखे वाटते, आणि तो पुन्हा फिरकत नाही.

लोकहितवादींनी काय केले ते पाहावे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. १८४८ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात छोटी छोटी पत्रे लिहावयास आरंभ केला. ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जाणारी ही पत्रे भरली १०८. भाषा साधी, क्वचित ओबडधोबडही. पण एका वेळी एकच विषय, आणि रोख थेट वाचकावर. ज्यांनी ती वाचावयाची, त्या सुशिक्षित वर्गालाच ते त्याचा आळस आणि अज्ञान तोंडावर सांगत. वाचक चिडला, तरी वाचत राहिला.

साधेपणा हेच मर्म, असे मात्र कोणी समजू नये. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची शैली भारदस्त व लांब वाक्यांची. त्यांनी तर लोकहितवादींवरच कडक टीका केली. दोघांची मते जुळत नव्हती, शैलीही जुळत नव्हती. परंतु वाचक समोर बसला आहे आणि त्याचे मत आपल्याला बदलावयाचे आहे, याचा विसर दोघांनाही कधी पडला नाही.

आमच्या शाळांतून निबंधाऐवजी पत्र लिहून घ्यावे, तेही खऱ्या माणसाला. चौकाच्या मुलाने मुंबईतल्या मावशीला सुकत घातलेल्या बोंबलांविषयी लिहावे आणि ते टपालात टाकावे. मावशीचे उत्तर आले नाही, तर पत्र कुठे कंटाळवाणे झाले, हे शिक्षकाने त्याच्याबरोबर बसून पाहावे.