सुटीची देणगी: वस्तु कीं अनुभव?

दिवाळीची अथवा नाताळची सुटी संपून शाळा पुनः भरली म्हणजे पहिल्या दिवशीं वर्गावर्गांतून जें संभाषण कानीं पडतें, तें बहुधा एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत असतें: "तुला काय मिळालें?" कोणी नव्या मोबाइलचें वर्णन करितो, कोणी मनगटावरचें घड्याळ पुढें करितो, कोणी पायांतील बूट. ज्यास दाखविण्याजोगें कांहींच मिळालेलें नसतें, तो वहींत डोकें घालून बसतो. शिक्षकांस हा प्रकार नवा नाहीं. नवें आहे तें या वस्तूंचें मोल. एके काळीं चेंडू, रंगपेटी, फार झालें तर फौंटनपेन, एवढ्यावर हौस भागत असे. आतां बापाच्या महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एका लहानशा खोक्यांत बंद होऊन घरीं येते, आणि पुष्कळ घरीं ती हप्त्यांवर येते. पुढें उन्हाळा लागला तरी हप्ते चालूच असतात. मुलाचें मन मात्र त्या वस्तूवरून केव्हांच उडालेलें असतें.

आमचें म्हणणें असें कीं, तेराचवदा वर्षांपासून पुढच्या मुलामुलींस सणाची देणगी द्यावयाची असेल, तर ती वस्तूपेक्षां अनुभवाच्या रूपानें द्यावी. हा केवळ वडीलधाऱ्यांचा जुना उपदेश आहे असें कोणी समजूं नये. व्हॅन बोव्हेन व गिलोव्हिच या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षां अनुभवांवर केलेल्या खर्चानें आपणांस अधिक सुख झालें, असें सांगणारे लोक अधिक होते. परंतु तो शोध मोठ्या माणसांविषयीं होता. मुलांविषयींचा महत्त्वाचा शोध २०२० सालचा. लॅन चॅप्लिन या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह तीन ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हां लहान मुलांस वस्तूंपासून अधिक आनंद होतो व वय वाढूं लागलें म्हणजे हें पारडें अनुभवाकडे झुकतें, असें दिसून आलें. कारण मोठें मार्मिक आहे. अनुभव हा डोळ्यांपुढें ठेवलेला नसतो. तो आठवावा लागतो, आणि त्या वेळीं बरोबरच्या माणसाच्या मनांत काय होतें हेंही उमजावें लागतें. ही शक्ति लहानपणीं कोंवळी असते. ती मोठेपणीं पक्व होते. म्हणून पांच वर्षांच्या नातवास लांकडी घोडा देणाऱ्या आजोबांचें कांहींच चुकत नाहीं. चुकतें तें पंधराव्या वर्षींही घोडाच देणाऱ्याचें, मग तो घोडा कितीही महाग असो.

तथापि 'अनुभव' हा शब्द अलीकडे बाजारांतही शिरला आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. पैसे भरले कीं न्यावयास गाडी येते, जेवण आयतें पुढें येतें, काय पाहावयाचें तें दुसराच सांगतो, आणि मुलगा ठरलेल्या जागीं उभा राहून ठरलेलीं छायाचित्रें काढितो. असली सहल म्हणजे निराळ्या वेष्टनांतील वस्तुच होय. जेथें मुलास स्वतः कांहीं ठरवावें लागलें नाहीं, अनोळखी माणसास वाट विचारावी लागली नाहीं, थकून बसावें लागलें नाहीं, तेथें त्यास देणगी मिळाली असें आम्हांस वाटत नाहीं.

उदाहरणार्थ अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर जिल्हा घेऊं. "प्रवरा ही गोदावरीची उपनदी आहे" हें वाक्य या जिल्ह्यांतील प्रत्येक मुलानें परीक्षेंत लिहिलेलें असतें. ती नदी उगमापासून संगमापर्यंत पाहिलेला मुलगा मात्र शंभरांत एखादा निघेल कीं नाहीं, याची शंकाच आहे. वास्तविक रतनगडाच्या डोंगरांत उगम पावून प्रवरासंगमास गोदावरीला मिळेपर्यंत ही नदी या एकाच जिल्ह्यांतून वाहते. तीन दिवस व दोन रात्री हाताशीं असल्या म्हणजे एस. टी.नें तिची वाट धरितां येते. रतनवाडीस अमृतेश्वराचें पुरातन देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहण्यांत सकाळ कशी गेली तें कळत नाहीं. तेथून भंडारदऱ्यास यावें. १९२६ सालीं पुरें झालेलें तेथील विल्सन धरण त्याच प्रवरेचें पाणी अडवून उभें आहे. हेंच पाणी खालीं कालव्यांनीं उसाच्या मळ्यांत जातें, आणि लोणीच्या परिसरांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं जो सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, त्याचेंही मूळ याच पाण्यांत आहे. धरणाच्या भिंतीवरील वारा खाऊन दुसऱ्या दिवशीं उसाच्या गाड्यांची रांग पाहिलेल्या मुलीस, सकाळच्या चहांतील साखर कोठून येते हें निराळें शिकवावें लागत नाहीं. पुढें नेवासें. ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली असें परंपरा मानते, तो खांब तेथें आहे. आणि तेथून जवळच दोन नद्यांचें पाणी एकमेकांत मिसळतांना दिसतें.

या प्रवासांत एक अट असावी. बरोबर आई असो, मामा असो, वा आत्या असो. गाड्यांचें वेळापत्रक, मुक्कामाची जागा व पैशांचा हिशेब मुलाकडे असावा. संगमनेरास मावशी राहत असेल तर "एका रात्रीपुरतें येऊं का?" हें तिला त्यानेंच विचारावें. एखादी गाडी चुकेल, चुकूं द्यावी. स्थानकावरच्या बांकावर दोन तास बसून बापाशीं जें बोलणें होतें, तें घरीं दोन वर्षांत होत नाहीं. या साऱ्यास जो खर्च येईल, तो पुष्कळ घरीं मोबाइलच्या दोनतीन हप्त्यांहून अधिक होणार नाहीं.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे, आणि ती मुलींच्या पालकांस उद्देशून आहे. ज्या घरीं मुलास गडावर जावयास परवानगी मिळते, त्याच घरीं त्याच्या बहिणीस सणानिमित्त पोषाख मिळतो किंवा कानांतलें मिळतें. "सोनें कधीं तरी उपयोगीं पडेल" हा विचार वाईट नव्हे. परंतु पुढें संसारांत, नोकरींत, परगांवीं एकटीनें निर्णय घेण्याची वेळ आली म्हणजे कानांतलें तिला वाट दाखवीत नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र आपणां सर्वांस परिचित आहे. १८५८ सालीं जन्मलेल्या या मुलीस आईबापांनीं वस्तूंच्या नांवानें जवळजवळ कांहींच दिलें नाहीं. आईनें संस्कृत दिलें, आणि पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं पायीं फिरणाऱ्या त्या कुटुंबाबरोबर तिनें देश पाहिला. त्या भटकंतीचें गोड चित्र रंगविणें अन्यायाचें होईल. तींत उपासमार होती, आणि आईबाप अखेर दुष्काळांतच गेले. तरीपण १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं जिला पंडिता म्हणून गौरविलें, ती हीच मुलगी. आणि १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत जाऊन निराधार मुलींस सुखरूप घेऊन आल्या, त्याही ह्याच बाई. भूक म्हणजे काय व अनोळखी मुलुखांत वाट कशी काढावयाची, हें त्यांस कोणत्या ग्रंथांत वाचावें लागलें नव्हतें. आज आपल्या मुलींस तसलें कांहीं भोगावयाचें नाहीं, हें आपलें भाग्य. मग तीन दिवसांच्या प्रवासाचें भय कां वाटावें? मार्च २०२३ मध्यें शासनानें एस. टी.त स्त्रियांचें भाडें निम्में केलें, तेव्हां खर्चाची सबबही अर्धी झाली आहे.

कोणी विचारील, वस्तु मुळींच देऊं नये काय? असा हट्ट आम्ही धरीत नाहीं. ज्याच्या पायांत वहाण नाहीं त्यास अनुभवाची थोरवी सांगणें ही थट्टा होय. त्यास वहाणच द्यावी. शिवाय कांहीं वस्तू अनुभवाचेंच साधन असतात. सायकल, तबला, चांगली दुर्बीण, चित्रांचे रंग यांवर दिलेला पैसा वायां जात नाहीं, मात्र वापरणाऱ्यास वेळ व शिकविणारा मिळाला पाहिजे. कपाटावर चढलेला तबला पुष्कळ घरांतून दिसतो.

अधिक अडचण आहे ती ज्यांस सणासुदीसही सुटी नसते अशा पालकांची. कोणी इस्पितळांत परिचारिका, कोणी गाडीचालक, कोणी गवंडी, कोणी दुकानांत उभा. यांस तीन दिवस कोठून मिळावे? त्यांनीं, जेथें चालण्यासारखें असेल तेथें, मुलास एक दिवस आपल्या कामावर न्यावें. चवदा वर्षांच्या मुलास बापाचा पगार ठाऊक असतो, त्याचा धंदाही ठाऊक असतो. परंतु बाप दिवसभर करतो काय, हें बहुधा ठाऊक नसतें. ओळंबा लावून भिंत सरळ आहे कीं नाहीं हें बाप कसें पाहतो, दुकानांत येणाऱ्या रागीट गिऱ्हाइकाशीं आई कोणत्या शब्दांत बोलते, दुपारचा डबा कोठें बसून खाल्ला जातो, हें एकदां पाहिलेलें मूल पुढें पैसे मागतांना निराळ्या आवाजांत मागतें. या देणगीस दमडीही लागत नाहीं. लागतें तें थोडें धैर्य, कारण आपलें कष्टाचें काम मुलानें पाहूं नये असें अनेकांस वाटतें. मुलानें तें पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचून घरीं जाऊन "मला अनुभव पाहिजे" असा नवा हट्ट धरूं नका. तुमच्या आईबापांस तो शब्द महाग वाटेल. नकाशा उघडा, गाड्यांच्या वेळा स्थानकावर जाऊन उतरून आणा, तिकिटांची व जेवणाची बेरीज करा, आणि तो कागद त्यांच्यापुढें ठेवा. नाताळच्या सुटींत भंडारदऱ्यास थंडी बरीच असते, तेव्हां प्रत्येकाच्या पिशवींत स्वेटर असावा. आणि गाडींतून उतरतांच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी.