शोषणावरचे निबंध आणि आपली मुकादमी

साक्रीच्या आदिवासी पट्ट्यातून ऊसतोडीला निघालेले जोडपे ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, आणि आपण साहित्यिक मंडळी त्यावर हळहळतो. मुकादमी माणसाला उचलीच्या कर्जात बांधते, हे खरेच. तरीही महाराष्ट्रात साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्या करारांत तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन, दोन्ही लिहिलेले असतात.

आणि आपल्याकडे? प्रकाशकाकडून अनुवादाचे काम घ्यायचे, ते विद्यार्थ्यांत वाटायचे आणि मूळ दराचा पत्ता मात्र लागू द्यायचा नाही! वर ‘अनुभव मिळतो’ हा उपदेश.

काम मिळवणे, मजकूर तपासणे, चुकांची जबाबदारी घेणे हेही श्रमच. त्यांचा मोबदला मध्यस्थाने जरूर घ्यावा. पण तो किती, हे काम देण्यापूर्वी सांगावे. एक ओळही न तपासता घेतलेला निम्मा वाटा म्हणजे निव्वळ दलाली. शिवाय प्रकाशकाने पैसे थकवले, तर झळ एकट्या अनुवादकाने का सोसावी?

नावाचे तर विचारूच नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच ठेवते. आणि अनुवादक हा आपल्या अनुवादाचा लेखकच असतो.

शोषणावर निबंध वाचणाऱ्यांनी आधी आपल्या हिशेबाचा कागद दाखवावा.