रियुजेबलच्या नावानं चांगभलं

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आणि तेही फ्रंट-एंडवाल्यांशीच, म्हणजे आपल्याच भावकीशी.

हल्ली कुठलाही प्रोजेक्ट घ्या, पहिल्याच आठवड्यात 'कॉमन' नावाचा एक फोल्डर तयार होतो. अजून एक स्क्रीन धड झालेला नसतो, पण त्यात बटण, मोडल, टेबल, ड्रॉपडाउन असे 'रियुजेबल' कंपोनंट तयार! मूल व्हायच्या आधीच बारसं. अहो, जी वस्तू अजून एकदाही वापरली नाही ती 'पुन्हा' कशी वापरणार, हे मला आजवर कुणीही पटवून दिलेलं नाही.

पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे. एका पानाला वेगळं काही हवं झालं, वाढवा प्रॉप. दुसऱ्याला ते नको, वाढवा अजून एक. मी होतो त्या एका प्रोजेक्टवर टेबलाला चाळीसेक प्रॉप्स होते, आणि त्यातले कुठले दोन एकत्र दिले की काय होतं हे माहीत असलेला माणूस पेपर टाकून कधीच गेला होता. चुकीच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्शनपेक्षा दोनदा लिहिलेला कोड खूप स्वस्त पडतो, असं रूबीवाल्या सँडी मेट्झ बाईंनी २०१६ सालीच लिहून ठेवलंय. वाचतं कोण?

आता हुक. रिअ‍ॅक्टमध्ये ते आले फेब्रुवारी २०१९ मध्ये, १६.८ आवृत्तीत, आणि कल्पना झकासच होती. त्याआधी क्लास कंपोनंटमध्ये एकाच कामाचा कोड तीन लाइफसायकल मेथडमध्ये विखुरलेला असायचा. हुकनं तो एका फंक्शनात आणला. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दिसेल त्या फंक्शनच्या नावाआधी 'यूज' चिकटवणाऱ्यांबद्दल. तारीख नीट छापून देणारं साधं फंक्शन, आत ना स्टेट ना इफेक्ट, आणि नाव काय तर 'यूजफॉरमॅटडेट'! झालं, आता लिंटर त्यालाही हुकच समजणार. अटीत बोलवायचं नाही, लूपमध्ये नाही, कंपोनंटच्या किंवा दुसऱ्या हुकच्या बाहेर तर नाहीच. कुठेही चालणाऱ्या वस्तूला रियुजेबल करायच्या नादात तिचा वापरच कमी करून ठेवला.

असो. एवढंच असतं तर मी शनिवार खर्ची घातला नसता. हा त्रास आपला आपल्यालाच, आणि आपल्याला त्याचा पगार मिळतो. माझा खरा राग आहे तो ड्रॉपडाउनवर.

ब्राउझरचा साधा 'सिलेक्ट' टॅग बघा. टॅब दाबला की फोकस येतो, बाणानं खाली-वर जाता येतं, अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या पर्यायावर उडी, मोबाइलवर मोबाइलची स्वतःची यादी उघडते. ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर कुठला पर्याय निवडलाय ते वाचून दाखवतो. सगळं फुकट. पण डिझायनरला त्याचा तो बाण आवडत नाही, म्हणून आपण एक 'डिव्ह' घेतो आणि त्याला क्लिक लावतो. दिसायला एकदम चकाचक! फक्त टॅब तिथे थांबत नाही आणि स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं तो नुसता मजकूर. एका पानावर असता तर एका पानापुरता दोष. पण हा पडला रियुजेबल. जिल्हा निवडा, बँक निवडा, खात्याचा प्रकार निवडा... दोषही सगळीकडे रियुज होतो की! एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो बसवा, मॉनिटर बंद करा, आणि आपल्याच ड्रॉपडाउनमधून 'सातारा' निवडून दाखवा.

"असे युजर किती असतात?" हे मी मीटिंगमध्ये ऐकलंय. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ज्याचं खातं उघडत नाही त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

मी काही रियुजच्या विरोधात नाही, बरं का. अडोबीची 'रिअ‍ॅक्ट एरिया' बघा. कीबोर्ड, फोकस, स्क्रीन रीडर ही किचकट वागणूक तिनं हुकमध्ये दिलीय, रंगरूप तुमचं तुम्ही ठरवा. जे अवघड आहे आणि सगळीकडे सारखंच लागतं, ते तिथून उचला. आपण नेमकं उलटं करतो. सोपं असतं ते घरी बनवतो आणि अवघड असतं ते विसरतो. बाकीचं दोनदा हातानं लिहा, तिसऱ्यांदा लागलं तर न्या 'कॉमन'मध्ये.

सोमवारी आमच्याकडे नव्या मोडलचा रिव्ह्यू आहे. 'डायलॉग' टॅग मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, एवढं तिथे सांगणार आहे. बघू, कोण ऐकतंय.